तोंडवळा मुशीचा, गोत पापलेटचं

मासळीबाजारात कोळणीच्या पाटीपुढे चार वेळा उभं राहिलेल्या माणसाला माशांची एक ढोबळ वाटणी आपोआप कळते. सुरमई, पापलेट, रावस, हलवा हे काट्याचे मासे. मुशी आणि पाकट बिनकाट्याचे. मुशी कापताना सुरी अडत नाही, आणि ताटात जे कडक लागतं ते आपल्या कानाच्या पाळीवरच्या भागासारखं लवचीक असतं. या मऊ हाडाला शास्त्रात कूर्चा म्हणतात. मुशीच्या आणखीही खुणा आहेत. तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला, शेपटीचा वरचा फाटा लांब आणि खालचा आखूड, अंगावर खवल्यांची नेहमीची चळत नाही.

आता त्याच पाटीवर दीड मीटर लांबीचा एक अनोळखी मासा आणून ठेवला आहे असं समजा. तोंड खाली, शेपटीचा वरचा फाटा लांब, पुढे निमुळतं नाक. आत सुरी घातली तर कडक कणा लागतच नाही. त्याच्या जागी बोटाएवढी जाड, रबरी दोरी निघते. कोळीण क्षणात सांगेल, ही मुशीचीच कुणीतरी. तुम्ही-आम्हीही मान डोलावू. आणि आपण सगळेच चुकलेलो असू.

हा मासा म्हणजे स्टर्जन. त्याला मराठी नाव नाही, कारण तो आपल्या नद्यांत नाही आणि समुद्रातही नाही. त्याच्या सगळ्या जाती उत्तर गोलार्धातल्या. डॅन्यूब, व्होल्गा, अमूर, यांगत्से, मिसिसिपी या नद्या आणि त्यांच्या मुखापुढची पाणी, हे त्यांचं राज्य. काळ्या मोत्यांसारखी जी महागडी कॅव्हिअर ती याच माशाची गाबोळी, एवढीच आपली त्याच्याशी तोंडओळख.

## लिनियससुद्धा फसला

कोळणीचा अंदाज चुकला म्हणून हसायचं कारण नाही. सजीवांना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत रुजवणारा कार्ल लिनियस यानेही १७५८ साली हेच केलं, किंबहुना याहून विचित्र केलं. त्याने स्टर्जनला माशांमध्ये ठेवलंच नाही. मुशी आणि पाकट यांच्या सोबतीने त्याला उभयचरांच्या वर्गात, ‘पोहणारे’ अशा एका पोटगटात बसवलं. म्हणजे बेडूक आणि सापांचा शेजार! पुढे फ्रान्सच्या क्युव्हिएने त्याला माशांत आणलं, पण कूर्चावाल्या माशांच्याच बाकावर बसवलं. फक्त याचे कल्ले झाकलेले आहेत, अशी नोंद तेवढी केली. ही नोंद महत्त्वाची होती. मुशीच्या मानेवर दोन्ही बाजूंना उघड्या फटी असतात. स्टर्जनला मात्र पापलेटसारखं एकच झाकण असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासकांचं मत फिरलं. शरीर उघडून नीट पाहिल्यावर आतली मांडणी वेगळीच निघाली.

## अंगावर दिंडी दरवाजा

आधी बाहेरून पाहू. स्टर्जनच्या अंगावर हाडाच्या टोकदार तबकड्यांच्या पाच रांगा असतात. एक पाठीच्या मधोमध, दोन कुशींवर आणि दोन पोटाच्या कडांना. जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यावर हत्तीने धडक देऊ नये म्हणून लोखंडी सुळे ठोकलेले असायचे, तसंच हे प्रकरण. पिल्लाच्या अंगावर हे सुळे हाताला टोचतील इतके धारदार असतात. वय वाढतं तसे ते झिजून बोथट होतात. या तबकड्या कूर्चेच्या नाहीत, अस्सल हाडाच्या आहेत. डोक्यावरची कवटीही तशीच, हाडाच्या फरशा एकमेकींना भिडवून बसवल्यासारखी.

नाकाच्या खाली, तोंडाच्या पुढे चार मिशा लोंबत असतात. आपल्या शिंगाळ्याच्या मिशा ओठांभोवती असतात, याच्या तोंडाच्या बऱ्याच पुढे. कारण उघड आहे. मासा तळाशी सरपटत जातो, आधी मिशा चिखलाला लागतात, चव कळते आणि मग तोंड त्या जागेवर पोचतं. नाकाच्या खालच्या कातडीत बारीक खड्डे असतात, ते पाण्यातली विजेची अतिसूक्ष्म हालचाल टिपतात. चिखलात गाडलेल्या किड्याचे स्नायू हलले तरी याला पत्ता लागतो. डोळे बारके, पण गढूळ तळाशी डोळ्यांचं काम तरी काय!

सगळ्यात मजेशीर आहे तो जबडा. आपला वरचा जबडा कवटीला घट्ट जोडलेला असतो. स्टर्जनचा जबडा कवटीला जोडलेलाच नाही. आढ्याला दोऱ्यांनी पाळणा टांगावा तसा तो खाली टांगलेला असतो. भक्ष्य सापडलं की जबडा झपकन खाली सरकतो, तोंडाची नळी होते आणि पाण्यासकट किडा, शिंपला, कोळंबी आत ओढली जाते. चावायचा प्रश्नच नाही, कारण दात फक्त बालपणी असतात. मोठेपणी तोंड बोळकं. बेलुगासारख्या थोराड जाती मात्र याच बोळक्या तोंडाने अख्खे मासे गिळतात.

## हाड बनायचे दोन रस्ते

आता मूळ कोडं. डोक्यावर हाड, अंगावर हाड, मग आतला सांगाडा कूर्चेचा कसा?

याचं उत्तर आपल्याच शरीरात आहे. आईच्या पोटात असताना आपल्या मांडीचं हाड आधी कूर्चेचं बनतं. मग हळूहळू ती कूर्चा विरघळते आणि तिच्या जागी हाड भरत जातं. घराचा स्लॅब टाकताना आधी सेंटरिंगच्या फळ्या लावतात, त्यात काँक्रीट भरतात, मग फळ्या काढतात, तसाच हा प्रकार. कवटीचं छत मात्र असं बनत नाही. तिथे कूर्चेचा साचा नसतोच. कातडीखालच्या पातळ पडद्यात थेट हाड धरतं. तान्ह्या बाळाची टाळू मऊ लागते ती त्यामुळेच, पडद्यातली हाडं अजून एकमेकांपर्यंत पोचलेली नसतात.

म्हणजे हाड बनायचे रस्ते दोन, एक साच्यातला आणि दुसरा थेट पडद्यातला. स्टर्जनमध्ये दुसरा रस्ता व्यवस्थित चालू आहे. पाठीच्या तबकड्या, कवटीच्या फरशा, कल्ल्यांचं झाकण सगळं त्याच रस्त्याने येतं. पहिल्या रस्त्यावर मात्र काम जवळजवळ थांबलं आहे. सेंटरिंग लागलं, काँक्रीट पडलंच नाही. मासा मोठा होतो, म्हातारा होतो, पण आतला सांगाडा साच्याच्याच अवस्थेत राहतो. बालपणीची एखादी अवस्था मोठेपणीही टिकून राहणं, ही उत्क्रांतीत वारंवार दिसणारी युक्ती आहे.

कण्याचंही तसंच. आपल्यातही गर्भावस्थेत पाठीतून एक लवचीक दांडी जाते, तिला पृष्ठरज्जू म्हणतात. पुढे तिच्याभोवती मणके बनतात आणि ती जवळजवळ नाहीशी होते. स्टर्जनमध्ये मणक्यांचे गोल गट्टू बनतच नाहीत, पृष्ठरज्जू जन्मभर राहतो. सुरुवातीला आपल्याला सापडलेली रबरी दोरी ती हीच. रशियात ती वाळवून, भिजवून, बारीक चिरून सणाच्या पाईत घालायची रीत होती. तिला व्याझिगा म्हणत.

हा सांगाडा मूळचाच मऊ होता की नंतर मऊ झाला, हे जीवाश्मांनी सांगितलं. स्टर्जनच्या जुन्या नातेवाइकांचे सांगाडे आजच्यापेक्षा जास्त हाडाळ आहेत. म्हणजे हाड होतं, ते गेलं. मुशीसारखं दिसणं हा इथे वारसा नाही, नंतरची गळती आहे. आणखी एक गंमत. मंगोलियात सापडलेल्या, सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या एका माशाच्या कवटीत साच्यातलं अस्सल हाड मिळालं, त्याचं वर्णन २०२० साली प्रसिद्ध झालं. हा मासा मुशी आणि काट्याचे मासे यांची वाट वेगळी होण्याआधीच्या फांदीवरचा. त्यामुळे खुद्द मुशीच्या पूर्वजांकडेही हाड असावं आणि तिनेही ते गमावलं असावं, अशी शंका आता बळावली आहे. दोन घरांनी आपापली भांडी वेगवेगळ्या वेळी मोडीत काढली आणि शेवटी दोन्ही स्वयंपाकघरं सारखी रिकामी दिसू लागली, असा हा मामला.

## पणजोबांची परात

मग शेपटीचं काय? आतड्याचं काय? स्टर्जनच्या आतड्यात आतून एक पडदा गोल जिन्यासारखा फिरत जातो. अन्न सरळ खाली न घसरता वळसे घेत उतरतं आणि आखूड आतड्यातही पचायला पुरेशी जागा मिळते. नेमका असाच जिना मुशीच्या आतड्यात आहे. हा तरी नात्याचा पुरावा नव्हे का?

इथे नातं ठरवायचा मुख्य नियम येतो आणि तो कुठल्याही भावकीला लागू आहे. पणजोबांची पितळी परात तुमच्याकडे आहे आणि तशीच एक नागपूरच्या लांबच्या चुलत्याकडेही आहे. त्यावरून तुम्ही एका खापरपणजोबाचे, एवढंच ठरतं. सख्खे भाऊ कोण, हे परात सांगत नाही. ते सांगतात नंतरच्या, फक्त त्या एका घरात आलेल्या वस्तू. सजीवांचंही असंच आहे. जुनी सामायिक खूण जवळीक सिद्ध करत नाही, नवी सामायिक खूण करते.

आतड्यातला जिना आणि एका बाजूला झुकलेली शेपटी या पराती आहेत. त्या मुशीकडे आहेत, स्टर्जनकडे आहेत, इतर अनेक जुन्या माशांकडे होत्या. पापलेट-सुरमईच्या शाखेने त्या टाकून दिल्या, इतकंच. उलट कल्ल्यांवरचं हाडाचं झाकण, कवटीवरच्या हाडाच्या फरशा आणि पोटातली हवेची पिशवी या नव्या खुणा आहेत. मुशीकडे हवेची पिशवी नाही. स्टर्जनकडे आहे, आणि घशाशी जोडलेली आहे. आपले कोळी बांधव घोळ माशाच्या ज्या पिशवीला बोत म्हणतात आणि जिला बाजारात सोन्यासारखा भाव मिळतो, तीच ही. युरोपात स्टर्जनचं बोत वाळवून त्याचा डिंक करत. त्याने बिअर नितळ करत, आणि जुन्या चित्रांचे सुटलेले रंग पुन्हा चिकटवायला तो आजही वापरतात. आपलं फुप्फुस आणि माशाचं बोत एकाच मूळ अवयवाची दोन रूपं आहेत, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

कारण त्यातून निघणारा निष्कर्ष पहिल्यांदा ऐकला की चमकायला होतं. वंशवृक्षावर मुशीची फांदी आधी फुटली. उरलेल्या खोडाला पुढे दोन मोठे फाटे फुटले. एकातून बहुतेक सगळे हाडाचे मासे आले, दुसऱ्यातून काही मोजके मासे आणि बेडूक, साप, पक्षी, माणूस. स्टर्जन पहिल्या फाट्यावरचा. म्हणजे तो मुशीपेक्षा पापलेटला जवळचा आहेच, पण मुशीपेक्षा तुम्हा-आम्हालाही जवळचा आहे. माशांच्या फाट्यावर स्टर्जनचं घर फार लवकर, साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं. बाजारातले बहुतेक सगळे काट्याचे मासे त्यानंतर कधीतरी उगवले.

चौकट : स्टर्जनचं कुळ
आजच्या कुळात दोन घराणी आहेत. स्टर्जन घराण्यात सुमारे २५ जाती. दुसरं घराणं पॅडलफिशचं. नाक वल्ह्यासारखं लांब आणि चपटं, अंगावर तबकड्यांच्या रांगा नाहीत. त्यातली एक जात अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यात आहे, दुसरी चीनच्या यांगत्सेत होती. सगळ्यात मोठा स्टर्जन बेलुगा. १८२७ साली व्होल्गाच्या मुखाजवळ धरलेली मादी ७.२ मीटर लांब आणि १,५७१ किलो भरली, असं सांगतात. सगळ्यात छोटा अमूदर्या नदीतला, जेमतेम २७ सेंटिमीटर. (बेलुगा नावाचा पांढरा देवमासाही आहे. दोघांची नावं रशियन भाषेतल्या ‘पांढरा’ या शब्दावरून आली. नातं काही नाही.)

## भावकीतले घोटाळे

मुशीच्या बाबतीत जी फसगत झाली, तीच घरातल्या घरात पुन्हा झाली. बेलुगा आणि अमूर नदीतला कलुगा हे दोघे धिप्पाड, दोघांचं तोंड चंद्रकोरीसारखं रुंद, दोघेही मासे खाणारे. साहजिकच त्यांना एकाच प्रजातीत, ‘हुसो’ या नावाखाली ठेवलं होतं. डीएनए तपासला तेव्हा कळलं की कलुगा पॅसिफिककडच्या स्टर्जनांच्या जवळचा आहे आणि बेलुगाचं गोत वेगळं आहे. मोठं तोंड दोघांनी स्वतंत्रपणे कमावलं.

दुसरी जोडी फावड्यासारख्या चपट्या नाकाची. एक गट अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यात, दुसरा मध्य आशियात अरल समुद्राला मिळणाऱ्या नद्यांत. दिसायला इतके सारखे की दुसऱ्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘खोटा फावडेनाक्या’ असा काहीसा होतो. डीएनएने नावातला ‘खोटा’ खरा ठरवला. मध्य आशियातले मासे कॅस्पियनच्या सेव्रुगा स्टर्जनचे सोयरे निघाले. गढूळ, वेगवान नदीच्या तळाशी चपटं नाक सोयीचं पडतं, म्हणून ते दोन खंडांत दोनदा घडलं. वर्गीकरणाची ही घडी अजून बसायची आहे आणि नावं बदलत राहणार. मला विचाराल तर ते बरंच आहे. नाव कायम ठेवण्यासाठी नातं खोटं सांगण्यात काय अर्थ?

डार्विनने अशा जुन्या माशांकडे बोट दाखवून ‘जिवंत जीवाश्म’ हा शब्दप्रयोग केला, तो आजही स्टर्जनला सर्रास चिकटवतात. मला तो फारसा पटत नाही. सांगाड्याचं हाड गमावणारा, जबडा टांगता करणारा, चपटं नाक दोनदा घडवणारा, २७ सेंटिमीटरपासून ७ मीटरपर्यंत देह ताणणारा मासा थांबलेला कसा? डीएनएच्या अक्षरांत होणारे बदल मात्र याच्याकडे खरंच संथ आहेत. आणि त्या संथपणाचा प्रताप नुकताच दिसला.

## हंगेरीतला अपघात

हंगेरीतल्या संशोधकांना रशियन स्टर्जनची अंडी नराशिवाय वाढवायची होती. त्यासाठी अंड्याला कुणाच्या तरी शुक्राणूचा नुसता धक्का लागतो, त्याने आपला डीएनए आत घालायचा नसतो. या प्रयोगात अमेरिकन पॅडलफिशचे शुक्राणूही वापरले होते. इतक्या दूरच्या माशाचा संकर होणारच नाही, हे गृहीत होतं. झालं उलटंच. शेकडो पिल्लं जन्मली आणि त्यांच्यात दोघांचाही डीएनए होता. काहींच्या अंगावर आईच्या तबकड्या, काहींचं रूप बापाकडे झुकलेलं. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. या दोन घराण्यांची ताटातूट होऊन सुमारे १८ कोटी वर्षं झाली आहेत. माणूस आणि प्लॅटिपस यांच्यातलं अंतर साधारण तेवढंच आहे.

हे जमलं कसं? एक कारण तो संथपणा. दुसरं, गुणसूत्रांची चळत. आपली गुणसूत्रं ४६. स्टर्लेट या छोट्या स्टर्जनची सुमारे १२०, रशियन स्टर्जनची सुमारे २५०, काही जातींत साडेतीनशेच्या वर. या कुळात संपूर्ण डीएनएची नक्कल एकदा नव्हे, अनेकदा झाली आहे. महत्त्वाच्या कागदाच्या चार-चार झेरॉक्स फाइलला लावून ठेवाव्यात तसं. संकरात एखादी प्रत जुळली नाही तरी दुसरी चालून जाते. म्हणूनच स्टर्जनांचे आपसांतले संकर सहज होतात. बेलुगा आणि स्टर्लेट यांचा ‘बेस्टर’ सोव्हिएत रशियात १९५२ साली तयार केला गेला आणि तो कॅव्हिअरसाठी पाळलाही जातो.

## काट्यातली वलयं

स्टर्जनचं वय मोजायचं तर छातीजवळच्या पराचा पहिला जाड काटा घेतात आणि त्याची करवतीने पातळ चकती कापतात. भिंगाखाली त्यात झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. उन्हाळ्यात खाणं भरपूर म्हणून पट्टा रुंद, हिवाळ्यात वाढ थबकते म्हणून बारीक गडद रेघ. अशा मोजण्यांतून कळलं की हा मासा फार सावकाश मोठा होतो. बेलुगाच्या मादीला पहिली अंडी घालायला पंधराएक वर्षं तरी लागतात, आणि त्यानंतरही ती दरवर्षी घालत नाही. गाबोळीसाठी मादी मारली की पंधरा वर्षांचं भांडवल एका डब्यात जातं. धरणांनी नदीतून वर चढण्याच्या वाटाही अडवल्या. १९९८ पासून सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आहे, तरी २०२२ च्या जागतिक पाहणीत उरलेल्या सगळ्या २६ जाती धोक्यात असल्याचं नोंदलं गेलं. यांगत्सेतला पॅडलफिश २००३ नंतर कुणाला दिसलेला नाही. त्याच पाहणीत त्याला नामशेष म्हणून जाहीर केलं.

याच वलयांनी एक फार जुनी तारीखही काढून दिली. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात टॅनिस नावाची एक जागा आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अशनी कोसळला, त्या दिवशी तिथल्या नदीत उसळलेल्या लाटेने स्टर्जन आणि पॅडलफिश चिखलात गाडले गेले. त्यांच्या कल्ल्यांत वाळूच्या कणांएवढे काचेचे मणी अडकलेले सापडले. आघाताने वितळून आकाशात उडालेला खडक थेंबाथेंबाने खाली पडत होता, आणि हे मासे तोच श्वासासोबत आत घेत होते. मणी कल्ल्यांतच होते, पोटापर्यंत पोचले नव्हते. तेवढा वेळच मिळाला नाही.

त्या स्टर्जनांच्या पराच्या काट्याच्या आणि पॅडलफिशच्या जबड्याच्या चकत्या काढून २०२२ साली वलयं तपासली गेली. आत रुंद पट्टे आणि गडद रेघा एकाआड एक, वर्षामागून वर्ष. सगळ्यात बाहेरच्या कडेला हिवाळ्याची रेघ संपून नवा पट्टा नुकताच धरू लागला होता. म्हणजे उत्तर गोलार्धात तेव्हा वसंत होता.